घरी रुग्णसेवा करणारे कुटुंबीय आणि आरोग्यव्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश, दीर्घकालीन मानसिक आजार किंवा जन्मजात अपंगत्व असलेल्या माणसाची घरी सेवा करणाऱ्या कुटुंबीयांकडून, तसेच त्यांच्या घरी जाणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि ग्रामपंचायत सदस्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ही उत्तरे एका ठाम भूमिकेतून लिहिली आहेत. घरी सेवा करणारी व्यक्ती आरोग्यव्यवस्थेत सर्वांत जास्त तास काम करते आणि तिलाच सर्वांत कमी शिकवले जाते. तिला शिकवणे, तिचे म्हणणे विचारात घेणे आणि तिला विसावा मिळवून देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

कुटुंबातील काळजीवाहक कोणाला म्हणावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने काळजीवाहकाची व्याख्या केली आहे. आई-वडील किंवा कुटुंबातील इतर सदस्य यांच्यासह जी कोणी व्यक्ती मोबदला घेऊन अथवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेते किंवा तिला आधार व साहाय्य देते, ती काळजीवाहक. मोबदल्याची अट कायद्याने घातलेली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्यक्षात सासऱ्यांना अंघोळ घालणारी सून, आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा मिरजेला नेऊन आणणारा मुलगा, मतिमंद भावाला सांभाळणारी अविवाहित बहीण, आजारी पतीच्या पायांना तेल चोळून व्यायाम करवून घेणारी सत्तरीतली पत्नी, हे सगळे काळजीवाहकच आहेत. त्यांच्यापैकी बहुतेक जण स्वतःला असे काही म्हणवून घेत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्यासाठी असलेल्या तरतुदीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

घरच्या माणसाची सेवा हे कर्तव्यच आहे. त्याचा आरोग्यव्यवस्थेशी काय संबंध?

कर्तव्य आहे हे कोणी नाकारत नाही. पण कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात दुपारी अर्धा तास उभे राहिले, तर रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, लघवीचे भांडे देणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे, बाहेरून औषध आणणे आणि सलाईन संपत आल्याचे सिस्टरांना सांगणे ही कामे कोण करते, ते दिसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असणे अपेक्षित आहे. मनुष्यबळ या निकषाच्या जितके खाली घसरते, तितके काम रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाकडे सरकते. रुग्णाला दाखल करून घेताना ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हा प्रश्न पहिल्या काही प्रश्नांतच येतो, तो याचसाठी.

मिरजेला हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून कर्नाटकाच्या सीमाभागातून आणि जत, कवठेमहांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यांतून रुग्ण येत राहिले, आणि प्रत्येक रुग्णामागे शिधा-अंथरुणाचे गाठोडे घेऊन एक-दोन माणसे आली. त्या माणसांच्या झोपण्याची, स्वयंपाकाची, अंघोळीची सोय हा रुग्णालयाच्या नियोजनाचा भाग असायला हवा. पण अजूनही ती सोय बऱ्याच ठिकाणी धर्मादाय संस्थांवर किंवा व्हरांड्यावर सोडलेली असते.

रुग्णालयातून घरी गेल्यावर हा संबंध आणखी घट्ट होतो. शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने झाली, तरी पुढचे सहा महिने गोळ्या वेळेवर गेल्या का, जखम कोरडी राहिली का, ताप कधी आला, हे पाहणारी दुसरी कोणतीही यंत्रणा नसते. उपचाराचा निम्माअधिक भाग घरात पार पडत असताना घरातल्या त्या माणसाला केवळ ‘सोबत’ समजणे, हे वैद्यकीय दृष्ट्याही चुकीचे आहे.

या कामाची कुठे मोजदाद झाली आहे का?

काही प्रमाणात झाली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातल्या सदस्यांची विनामोबदला काळजी घेण्याचे काम करत होत्या, तर पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४ मिनिटे वेळ त्यात जात होता. या आकड्यांत लहान मुलांचा सांभाळही धरलेला आहे, त्यामुळे आजारी किंवा वृद्ध माणसाच्या सेवेचे चित्र त्यांतून वेगळे दिसत नाही. शिवाय रात्रभर अर्धवट जागे राहून आईच्या श्वासाकडे कान लावून पडणे हे अशा सर्वेक्षणात बहुधा झोप म्हणूनच नोंदले जाते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ च्या आपल्या अहवालात ६४ देशांत मिळून दररोज १६.४ अब्ज तास विनामोबदला काळजीच्या कामात जातात आणि त्यांपैकी ७६.२ टक्के काम स्त्रिया करतात, असा अंदाज दिला होता. देशाच्या सकल उत्पादनात हे श्रम धरले जात नाहीत, कारण राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरातल्यांसाठी विनामोबदला केलेली सेवा उत्पादनाच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे.

आमच्या भागात हा भार बहुतेक वेळा सुनेवर किंवा वयस्कर पत्नीवरच का पडतो?

लिंगभेद हे एक कारण सर्वत्र आहे. परंतु आपल्या दोन जिल्ह्यांत स्थलांतराचा इतिहास त्यात भर घालतो. खानापूर, आटपाडी या भागांतील कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत विखुरलेली आहेत. पाटण, जावळी तालुक्यांतील अनेक घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून राबले आणि गावचे घर म्हाताऱ्या आई-वडिलांकडे राहिले. अशा घरात एकाला पक्षाघाताचा झटका आला, की सांभाळायला दुसरे थकलेले माणूस किंवा मुलांना घेऊन गावी परतलेली सून एवढेच पर्याय उरतात. मुलगा महिन्याला पैसे पाठवतो, दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करतो आणि त्याची तळमळही खरी असते. पण रात्री दोन वाजता ओले अंथरूण बदलायला जो हात लागतो, तो पैशाने येत नाही.

येथे कायद्याची एक बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यात अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा समावेश आहे, सुनेचा नाही. म्हणजे ज्या व्यक्तीवर कायद्याने जबाबदारी टाकलेली नाही, तीच प्रत्यक्ष सेवा करते आणि ज्यांच्यावर टाकली आहे, ते पुष्कळदा सल्ला देण्यापुरते उरतात. मुलगी सासरी गेली म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, आणि तिचा निर्णयातला अधिकारही संपत नाही, हे दोन्ही कुटुंबांनी समजून घ्यावे.

रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांना आणि परिचारिकांना काय विचारावे?

डिस्चार्ज कार्ड हातात पडण्याच्या गडबडीत विचारू नये; शक्य असल्यास आदल्या दिवशी विचारावे, आणि घरी जी व्यक्ती प्रत्यक्ष सेवा करणार आहे, तिला त्या वेळी तेथे हजर ठेवावे. बिल भरणारा पुरुष समजावून घेतो आणि सेवा करणारी बाई गावी वाट पाहत असते, ही पद्धत मोडायला हवी.

प्रत्येक गोळी कशासाठी आहे, ती किती दिवस घ्यायची, एखादा डोस चुकला तर काय करायचे, आणि आधीपासून सुरू असलेल्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या, हे लिहून घ्यावे. जुन्या आणि नव्या गोळ्या एकाच वेळी चालू राहणे हा घरोघरी आढळणारा धोका आहे. नाकातून नळी घातली असेल, लघवीची पिशवी लावली असेल किंवा जखमेची पट्टी बदलायची असेल, तर ती क्रिया सिस्टरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहावी. नुसते पाहून जे समजल्यासारखे वाटते, ते घरी हात थरथरू लागल्यावर आठवत नाही. पुढची तपासणी केव्हा, आणि कोणती लक्षणे दिसली तर त्या तारखेची वाट न पाहता यावे, हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नये. मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहून मागण्यात संकोच वाटू देऊ नये. तो आपला हक्क आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सेवेत सर्वांत जास्त कशाकडे लक्ष द्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे बेडसोर. एकाच जागी सतत दाब राहिल्याने त्वचेखालचा रक्तपुरवठा तुटतो आणि माकडहाड, खुबे, टाचा येथे जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलणे हा त्यावरचा मूळ उपाय आहे. हवेची गादी त्याला मदत करते, पण त्याची जागा घेत नाही, आणि वीज गेल्यावर तर ती उपयोगाचीही राहत नाही. कूस बदलताना रुग्णाला ओढू नये, चादरीसकट उचलून सरकवावे, कारण ओढल्याने त्वचा घासली जाते. दाबल्यावर पांढरी न पडणारी लाल जागा दिसली, तर ती जखमेची सुरुवात समजून त्या बाजूला झोपवणे थांबवावे. तेथे जोराने मालिश करू नये; चांगल्या हेतूने केलेली ती मालिश आतली ऊती आणखी दुखावते.

दुसरी गोष्ट भरवण्याची. पक्षाघातानंतर काही काळ गिळण्याची क्रिया बिघडलेली असते आणि चमच्याने दिलेले पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासमार्गात जाऊ शकते. त्यातून होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, आणि गुंगीत असलेल्या माणसाला तर मुळीच देऊ नये. नळीने भरवताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवावी आणि भरवून झाल्यावरही किमान अर्धा तास तशीच राहू द्यावी. नळी जागची हलल्याची शंका आली, तर त्यातून काहीही न देता आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. ‘दोन घोट पाणी तरी जाऊ दे’ असे भेटीला येणारे आप्त मायेने म्हणतात. त्यांना नम्रपणे पण ठामपणे अडवणे हाही सेवेचाच भाग आहे.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली ठेवावी आणि जमिनीला टेकू देऊ नये. प्रत्येक क्रियेआधी व नंतर साबणाने हात धुवावेत.

घरच्यांना व्यायाम शिकवला, तर फिजिओथेरपिस्टची गरज उरत नाही का?

हा प्रश्न संशोधकांनीही गंभीरपणे विचारला होता. पक्षाघातानंतर कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडूनच पुनर्वसन करवून घेतले तर फरक पडतो का, हे पाहण्यासाठी ‘अटेंड’ नावाचा अभ्यास भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यूच्या किंवा परावलंबित्वाच्या प्रमाणात प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याचा अर्थ कुटुंबाची सेवा निरर्थक आहे, असा मुळीच नाही. दोन्ही गटांतील रुग्णांची सेवा घरचीच माणसे करत होती. अर्थ एवढाच, की तज्ज्ञाचे काम नातेवाइकाच्या खांद्यावर टाकून खर्च वाचवता येईल, ही धोरणकर्त्यांना मोह पाडणारी कल्पना त्या अभ्यासात टिकली नाही. ज्या गावांत फिजिओथेरपिस्ट पोहोचत नाही, तेथे तो पोहोचवण्याचीच व्यवस्था करावी लागेल. माझ्या मते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा अभ्यास वाचावा, कारण ‘कुटुंबाचे सक्षमीकरण’ या गोड शब्दांआड सेवा काढून घेतली जाण्याचा धोका नेहमीच असतो.

दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या माणसाच्या कुटुंबाला बाहेरून मदत मिळाली, तर खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा साताऱ्यातून आलेला आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ व्यक्तींवर गोवा, तमिळनाडू आणि सातारा येथे झालेल्या ‘कोप्सी’ या अभ्यासात रुग्णालयातील नेहमीच्या उपचारांच्या जोडीला स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ते रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या भेटीला जात असत. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटातील लक्षणे आणि अक्षमता काहीशी अधिक कमी झाली. सुधारणा मर्यादित होती, तशीच ती सांगितली पाहिजे. पण घरापर्यंत येणारा माणूस हा आजारावरील उपचाराचा भाग ठरू शकतो, हे त्यातून दिसले.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारी व्यक्ती, ठरवू शकते. आजार आटोक्यात असताना हा कागद करून ठेवणे शहाणपणाचे असते. सल्ल्यासाठी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि रुग्णाप्रमाणेच त्याच्या नातेवाइकालाही तेथे फोन करता येतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईशी वाद घालावा का? ती रोज तीच गोष्ट विचारते.

घालू नये. तिला उत्तर आठवत नाही, पण आपल्या आवाजातला राग तिला जाणवतो. थोडक्यात उत्तर द्यावे आणि लक्ष दुसरीकडे वळवावे, उदाहरणार्थ शेंगा सोलायला किंवा कपड्यांच्या घड्या घालायला द्याव्यात. भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे हा ‘म्हातारचळ’ म्हणून झटकून टाकण्याचा विषय नाही; निदान करून घ्यावे, कारण थायरॉईडचे विकार आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी दुरुस्त होणारी कारणेही कधीकधी सापडतात.

सेवा करणाऱ्या व्यक्तीचीच प्रकृती ढासळली तर?

ती ढासळण्याची वाट पाहू नये. सेवा करणाऱ्यांमध्ये कंबरदुखी, अपुरी झोप, नैराश्य आणि स्वतःची औषधे टाळण्याची सवय मोठ्या प्रमाणावर आढळते. काळजीवाहकावरील भार मोजण्यासाठी डॉक्टर वापरतात ती झरिट प्रश्नावली २२ प्रश्नांची आहे, आणि त्यातले पुष्कळ प्रश्न कोणीही आपुलकीने विचारू शकेल असे आहेत : स्वतःसाठी वेळ उरतो का, राग येतो का, पुढे काय होईल याची भीती वाटते का. रुग्णाला तपासताना डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या बाईचा रक्तदाबही पाहावा, एवढी साधी गोष्ट रूढ झाली, तरी पुष्कळ आजार वेळेत पकडले जातील.

कुटुंबाने आठवड्यातील एक ठरावीक अर्धा दिवस तिला मोकळा द्यावा. हा अर्धा दिवस तिने मागितल्यावर देण्याचा नसावा. तो आधीच ठरलेला असावा, आणि त्या वेळी दुसरे कोण थांबणार हे नावानिशी लिहिलेले असावे. दूर राहणाऱ्या भावंडांनी सुट्टीत पाहुण्यासारखे न येता पाळी घेण्यासाठी यावे. थकून चिडचिड होणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे, हे सेवा करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. बहुतेक जणी ती अपराधी भावना मनात दाबून वर्षानुवर्षे राबत राहतात.

सरकारकडून काळजीवाहकाला पैसे मिळतात का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द असल्याने तो आपोआप मिळत नाही. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना दरमहा भत्ता देण्यास सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या नावाने सरकारने पैसे देणे ही त्यातली मोलाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार आहे. तिच्या लाभार्थ्यांत दिव्यांग तसेच पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग यांसारख्या आजारांमुळे निराधार झालेल्या व्यक्ती येतात. अर्ज तहसील कार्यालयातील संबंधित शाखेत करावा लागतो. हे अनुदान रुग्णाचे असते, सेवा करणाऱ्याचे नव्हे. कायमचे अपंगत्व आले असल्यास जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक सवलती त्यावर अवलंबून असतात.

प्राप्तिकर भरणाऱ्या आणि जुनी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत घरच्या सेवेचा खर्च मिळतो का?

नाही. ही योजना आणि आयुष्मान भारत योजना ठरवून दिलेल्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. डायपर, हवेची गादी, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट किंवा बुडालेली मजुरी यांपैकी काहीही त्यात बसत नाही, आणि दीर्घ आजारात कुटुंब खचते ते नेमके याच खर्चांनी.

नोकरी करणाऱ्यांना यासाठी रजा मिळते का?

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा घेता येते, आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची मर्यादा नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. वृद्ध आई-वडिलांच्या सेवेसाठी मात्र अशी स्वतंत्र रजा नाही. एमआयडीसीतील कामगार, शेतमजूर, द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी तर रजा म्हणजे बुडालेला रोज.

जपानमध्ये कुटुंबातील प्रत्येक आजारी व्यक्तीमागे ९३ दिवसांपर्यंत सेवारजा मिळते. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन सेवेचा सक्तीचा विमा आणला आणि त्यातून घरी सेवा करणाऱ्या कुटुंबीयांच्या निवृत्तिवेतनाचे हप्तेही भरले जातात, म्हणजे सेवेपायी नोकरी सोडलेली स्त्री म्हातारपणी रिकाम्या हाताने राहत नाही. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान ३५ तास सेवा करणाऱ्याला भत्ता आहे. हे देश श्रीमंत आहेत हे खरेच. तरीही निवृत्तिवेतनाचा जर्मन विचार आपल्याकडे निदान चर्चेला यावा, असे मनापासून वाटते.

रुग्णाला सही करता येत नाही. बँकेचे व्यवहार कसे करावेत?

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी, वृद्ध किंवा असमर्थ खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा घेता येतो. त्यासाठी बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो. सत्तरीपुढील ज्येष्ठांना आणि चालण्या-फिरण्यास असमर्थ व्यक्तींना घरपोच बँकसेवा देण्याच्या सूचनाही २०१७ पासून आहेत. शाखेत ‘पेशंटला घेऊनच या’ असे उत्तर मिळाल्यास या सूचनांचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला मोबाईलवरून चेहऱ्याच्या ओळखीनेही देता येतो.

इतर भावंडे काहीच वाटा उचलत नाहीत. काय करता येईल?

आधी गावात, नात्यात बसून बोलावे आणि खर्च व पाळ्या कागदावर मांडाव्यात. ते जमले नाही, तर २००७ च्या अधिनियमानुसार आई-वडील स्वतः किंवा त्यांच्या वतीने दुसरी व्यक्ती प्रांताधिकाऱ्यांकडील निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्त्याचा आदेश होऊ शकतो. मात्र न्यायाधिकरण पैसे मिळवून देऊ शकते, पाळी घेणारा माणूस मिळवून देऊ शकत नाही. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

पुराच्या दिवसांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला केव्हा हलवावे?

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या गावांसाठी हा प्रश्न दर पावसाळ्याचा आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी सुमारे ५७ फुटांपर्यंत गेले होते. धडधाकट माणूस धोका पातळीपर्यंत थांबू शकतो, पण नळी लावलेला किंवा ऑक्सिजनवर असलेला रुग्ण इशारा पातळीलाच हलवावा, कारण बोटीत त्याला सुरक्षित झोपवता येत नाही आणि वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन पुरवणारे यंत्र, बंद पडतो. जूनमध्येच ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अशा रुग्णाची नोंद करावी. औषधांची चिठ्ठी, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि ओळखपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावीत.

ग्रामपंचायत या बाबतीत काय करू शकते?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. ही रक्कम वर्षअखेरीस वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून चाकाची खुर्ची, हवेची गादी, वॉकर, बेडपॅन यांचा गावसाठा केला आणि गरजेप्रमाणे वस्तू फिरवल्या, तर एकाच पैशात अनेक घरांचे काम होईल. महिला ग्रामसभेत हा विषय मांडावा; सेवा करणाऱ्या बहुतेक जणी तेथेच बोलतात.

आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरीच ठेवावे का?

हा निर्णय रुग्णाच्या इच्छेने आणि घराच्या ताकदीने ठरवावा, लोक काय म्हणतील यावर नाही. घरी ठेवायचे ठरल्यास वेदनाशमनाची सोय आधी पाहावी. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेला परिहारक सेवा म्हणतात; राष्ट्रीय परिहारक सेवा कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी मॉर्फिन ठेवणे सुलभ झाले. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ते घेतल्याने व्यसन लागते किंवा मृत्यू लवकर येतो, ही भीती निराधार आहे. रुग्ण कण्हत असताना ‘आता काय उपयोग’ म्हणून औषध थांबवू नये. जिल्हा रुग्णालयातील परिहारक सेवा विभागाकडे नोंद करावी, घरभेटी देणारे पथक आहे का ते विचारावे आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक अंथरुणाजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा.